नगरप्रदेशाची लवचिकता : कृष्णाकाठच्या संदर्भात एका परिभाषेची चिकित्सा

(१)

नगरांच्या भवितव्यासंबंधी गेल्या दोन-तीन दशकांत जगभर जे लेखन झाले, त्यातील दोन संज्ञा आता आपल्याही शासकीय व विद्यापीठीय लेखनात रूढ होऊ लागल्या आहेत. पहिली 'नगरप्रदेश' व दुसरी 'लवचिकता'. केवळ शहराचा विचार करून भागणार नाही, शहर आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश ह्यांचा एकत्र विचार केला पाहिजे, हे पहिलीचे सूत्र. आणि आपत्ती टाळणे नेहमीच शक्य नसल्यामुळे आघात सोसून पुन्हा उभे राहण्याची शक्ती नगरांच्या ठायी निर्माण केली पाहिजे, हे दुसरीचे. दोन्ही सूत्रे सकृद्दर्शनी निर्विवाद वाटतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या विकासाच्या सतरा उद्दिष्टांपैकी अकरावे नगरांविषयीचे असून त्यात नगरे सर्वसमावेशक, सुरक्षित आणि टिकाऊ असावीत ह्याबरोबरच ती लवचिक असावीत अशीही अपेक्षा व्यक्त झाली आहे.

हा विषय भूगोलाचा, स्थापत्याचा किंवा अर्थशास्त्राचा. त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर असे की, धोरण प्रथम शब्दांत ठरते आणि मग जमिनीवर उतरते. वाक्यात कर्ता कोण ठरला, कोणाला कर्माचे स्थान मिळाले आणि कोणाचा उल्लेखच राहून गेला, ह्यावर पुढे खर्च कोणी करावयाचा आणि घर कोणी सोडावयाचे, हे बरेचसे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ह्या दोन संज्ञांची परीक्षा सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करावयाची आहे. हा संदर्भ केवळ जवळचा म्हणून निवडलेला नाही. एकाच नदीच्या खोऱ्यात अतिवृष्टी, महापूर, अवर्षण, मोठे धरण, भूकंप आणि स्थलांतर ह्या सर्वांचा अनुभव घेतलेला असा प्रदेश सहसा आढळत नाही. आणि म्हणून ह्या परिभाषेची कसोटी येथे चांगली लागते.

(२)

प्रथम 'नगरप्रदेश' हा शब्द घेऊ. हा सामासिक शब्द आहे आणि त्याचा विग्रह दोन प्रकारे होऊ शकतो. 'नगराचा प्रदेश' असा केल्यास तो षष्ठी तत्पुरुष होतो. 'नगर आणि प्रदेश' असा केल्यास द्वंद्व. पहिल्या विग्रहात प्रदेश हा नगराच्या मालकीचा ठरतो. त्याने पाणी, दूध, भाजीपाला, मजूर आणि मोकळी जमीन पुरवावी व नगराने वाढावे. दुसऱ्या विग्रहात दोन्ही पदांना समान प्राधान्य आहे. नियोजनाच्या लेखनात तोंडाने द्वंद्व सांगितला जातो. व्यवहारात मात्र तत्पुरुषच चालतो.

मूळ कल्पनेचा इतिहास पाहिला तर ती इतकी एकांगी नव्हती. पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश विचारवंताने १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परस्परांत मिसळत जाणाऱ्या नगरांसाठी एक नवा शब्द घडविला, हे सर्वश्रुत आहे. हाच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि भारतातील अनेक नगरांविषयी त्याने अहवाल लिहिले. त्याच्या विचाराच्या मुळाशी नगर नव्हते, खोरे होते. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या उताराचा एक छेद घ्यावा, त्यावर कोठे लाकूडतोड्या, कोठे धनगर, कोठे शेतकरी आणि कोठे कोळी राहतो ते पाहावे, आणि मग शहर समजून घ्यावे, असे त्याचे म्हणणे. कृष्णाखोऱ्याला ही रीत जशीच्या तशी लागू पडते. महाबळेश्वरी उगम, माहुलीस वेण्णेचा संगम, कऱ्हाडास कोयनेचा प्रीतिसंगम, सांगलीजवळ हरिपुरास वारणेचा संगम, आणि पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा, असा हा छेद आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरांच्या आत माणदेशात तो पाचशेच्या आसपास येतो. ह्या छेदावरील कोणतेही एक शहर वेगळे काढून त्याच्या भवितव्याविषयी बोलणे म्हणजे वाक्यातून एक पद काढून त्याचा अर्थ विचारण्यासारखे आहे.

येथे प्रशासकीय नामकरणाची एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. १९४९ साली संस्थानांच्या विलीनीकरणानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. नव्या जिल्ह्याला स्वतःचे नाव मिळणे स्वाभाविकच होते. पण 'दक्षिण सातारा' ह्या नावात जो संबंध उघड दिसत होता, तो नव्या नावात लोपला. वरच्या अंगाला जे घडते त्याचे फळ खालच्या अंगाला भोगावे लागते, ही जाणीव ज्या वेळी अत्यंत आवश्यक होती, त्याच काळात कोयनेचे धरण पुरे होत होते आणि दोन्ही जिल्ह्यांच्या दप्तरांत मात्र एका नदीच्या दोन स्वतंत्र नोंदी सुरू झाल्या होत्या.

सांगली, मिरज आणि कुपवाड ह्यांची मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. तिच्या नावातच तीन पदांचा द्वंद्व आहे. व्याकरणात इतरेतर द्वंद्व आणि समाहार द्वंद्व असा भेद करतात. पहिल्यात प्रत्येक पद वेगळे मोजले जाते, दुसऱ्यात सर्वांची मिळून एक रास होते. ह्या महानगराचा इतरेतर द्वंद्वच अद्याप चालू आहे, असे म्हणावयास हरकत नाही. सांगली ही पटवर्धनांची राजधानी आणि हळदीची पेठ, मिरज हे रेल्वेचे जंक्शन आणि रुग्णालयांचे गाव, कुपवाड ही कारखान्यांची वसाहत. तिघांची उंचसखल भिन्न आहे आणि म्हणून तिघांचा पूरही भिन्न आहे. सांगलीचा गावभाग पाण्याखाली असतो तेव्हा विश्रामबागेपासून मिरजेकडे जाणारा पट्टा बहुतांशी कोरडा असतो. सरासरी काढून 'महानगर लवचिक आहे' असे म्हटल्यास ते विधान कोणत्याच वस्तीविषयी खरे ठरत नाही.

साताऱ्याची परिस्थिती निराळी. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या ह्या नगरास कासच्या तलावाचे पाणी डोंगरावरून केवळ उताराच्या बळावर येत आले आहे. २०२० साली नगरपालिकेची हद्द वाढून शाहूपुरी, विलासपूर इत्यादी भाग तिच्यात आले. ह्या क्रियेला आपल्याकडे 'हद्दवाढ' असा नेमका शब्द आहे. त्यात वाढते ती हद्द; पाणी, गटारे आणि रस्ते वाढतील की नाही ह्याविषयी शब्द मौन पाळतो. कास, यवतेश्वर आणि महादरे हा डोंगराचा भाग नगराच्या हद्दीत असो वा नसो, तो नगराच्या अस्तित्वाचा भाग आहे. हद्द आणि प्रदेश ह्या दोन कल्पनांमधील अंतर येथे स्पष्ट दिसते.

नगरप्रदेशाची व्याप्ती नकाशावरच्या सलग क्षेत्रापुरतीही नसते, ह्याचे एक उदाहरण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिळाले. दुष्काळाने होरपळलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठविण्यात आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लक्ष लिटर पाणी होते. पुढे अनेक आठवडे ह्या खेपा चालू राहिल्या. तेवढ्या काळापुरते लातूर हे कृष्णाखोऱ्याच्या नगरप्रदेशात आले होते, असेच म्हटले पाहिजे.

(३)

आता दुसरी संज्ञा. मूळ इंग्रजी शब्दाचा उगम लॅटिन धातूत असून त्याचा अर्थ 'मागे उसळी घेणे' असा आहे. ताण काढताच पूर्ववत होणाऱ्या पदार्थाचा गुण दाखविण्यासाठी तो पदार्थविज्ञानात वापरला गेला. १९७३ साली हॉलिंग ह्या कॅनडातील परिस्थितिविज्ञाच्या एका निबंधाने त्याला नवे वळण दिले. हॉलिंगने स्थैर्य आणि लवचिकता ह्यांत भेद केला. धक्क्यानंतर लवकर मूळ स्थितीला येणे म्हणजे स्थैर्य. बदल पचवून परस्परसंबंध टिकवून धरणे म्हणजे दुसरा गुण. म्हणजे ज्या शास्त्रातून ही संज्ञा नगरविचारात आली, तेथे तिचा अर्थ 'पूर्ववत होणे' असा नव्हताच. नगरविचारात मात्र दोन्ही अर्थ सोयीप्रमाणे वापरले जातात. पैसे मागताना परिवर्तनाचा अर्थ सांगितला जातो आणि काम करताना पूर्ववत करण्याचा.

मराठीत ह्या शब्दासाठी अनेक पर्याय योजले गेले. 'लवचिकता' हा सर्वांत रूढ. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात जो कार्यक्रम हाती घेण्यात आला, त्याच्या नावात 'प्रतिसादक्षम' असा पर्याय आढळतो. हिंदीत 'आपदा-रोधी' अशी रचना रूढ आहे. हे तिन्ही शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. 'रोधी' म्हणजे अडविणारा. 'प्रतिसादक्षम' म्हणजे घटना घडल्यावर योग्य ते करू शकणारा. आणि 'लवचिक' म्हणजे वाकणारा. एकाच मूळ संज्ञेची भाषांतरे म्हणून ती एकाच पंक्तीत बसविली जातात. वास्तविक पहिल्यात भिंत आहे, दुसऱ्यात कार्यालय आहे आणि तिसऱ्यात मनुष्य आहे.

'लवणे' ह्या क्रियापदाचा मराठी संस्कार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पुराच्या लोंढ्यापुढे नमते घेऊन टिकून राहणाऱ्या लव्हाळ्याचा तुकाराममहाराजांचा दृष्टांत मराठी मनात इतका खोल रुजला आहे की, 'लवचिक' हा शब्द कानी पडताच ऐकणारा तो गुण सद्गुण म्हणून स्वीकारतो. परंतु ह्या दृष्टांताचा संदर्भ ईश्वरापुढे नम्र होण्याचा आहे. तो व्यक्तीने स्वतःस केलेला उपदेश आहे. अधिकाऱ्याने पूरग्रस्तास करावयाचा नव्हे. शिवाय लव्हाळे वाकू शकते, कारण नदीचे पात्र हेच त्याचे घर आहे. पाण्यात उगवणे हा त्याचा स्वभाव आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, शिलाईचे यंत्र आणि दोन ट्रंका एवढाच संसार असलेल्या कुटुंबाचा तो स्वभाव नव्हे. दृष्टांताची नैतिक प्रतिष्ठा उसनी घेऊन त्याचा संदर्भ मात्र टाकून देणे, हा ह्या भाषांतरातील खरा दोष आहे. २००५ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स नगरावर कतरिना वादळाचे संकट कोसळले. त्यानंतरच्या काळात 'आम्हांला लवचिक म्हणू नका' अशा आशयाची तक्रार तेथील काही नागरिकांनी जाहीरपणे केली, ती ह्याच कारणाने. ज्याला लवचिक म्हटले, त्याला आणखी एकदा वाकविण्यास हरकत नाही, असा त्या विशेषणाचा छुपा निष्कर्ष त्यांना जाणवला होता.

(४)

ह्या संज्ञा ज्या वाक्यांत वावरतात त्यांकडे वळू. सांगलीस कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजली जाते. १९२९ सालचा हा पूल केवळ वाहतुकीचे साधन राहिलेला नाही. तो सांगलीकरांचा मापदंड आहे. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये सत्तावन्न फुटांच्या वर, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा चोपन्न फुटांच्या वर. सोळा वर्षांत तीन महापूर झाले.

ह्या काळातील वार्तांत सर्वाधिक येणारे वाक्य म्हणजे 'कृष्णेने धोक्याची पातळी ओलांडली'. ह्या वाक्यात कर्ता नदी आहे आणि क्रिया मर्यादाभंगाची. 'ओलांडणे' ह्या क्रियापदाला आधीच अस्तित्वात असलेली रेषा लागते. म्हणजे रेषा आधीची आणि नदी नंतरची, असा काळाचा उलटा क्रम हे वाक्य नकळत गृहीत धरते. दुसरे वाक्य 'धरणातून पाणी सोडण्यात आले'. येथे '-ण्यात येणे' ह्या रचनेमुळे कर्ता अदृश्य होतो. किती सोडले हे क्यूसेकमध्ये सांगितले जाते. कोणी, कोणत्या नियमाने आणि खालच्या कोणास विचारून, ह्या कारकांना वाक्यात जागा नसते. तिसरे वाक्य 'शहर लवचिक झाले पाहिजे'. येथे तर शहर हाच कर्ता. पण शहर हे काही करीत नाही. नगररचना विभाग, बांधकाम करणारा, परवाना देणारा, भाडेकरू आणि धरणाचा अभियंता हे करतात. नदीला कर्तेपण देणे, अधिकाऱ्याचे कर्तेपण लपविणे आणि शहराला कर्तेपणाचा आभास देणे, ह्या तीन व्याकरणिक हालचाली एकत्र आल्या म्हणजे जबाबदारीचा प्रश्न उपस्थितच होत नाही.

२०१९ च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली आणि तिचा अहवाल २०२० साली आला. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे ह्यांवर समितीचा भर होता. कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा फुगवटा हे पुराचे मुख्य कारण तिने मानले नाही. ह्या निष्कर्षाशी कृष्णाकाठच्या सर्वांचे एकमत झालेले नाही, आणि अलमट्टीची उंची वाढविण्याचा प्रश्न दोन राज्यांमध्ये वादाचा आहे. त्या वादाचा निर्णय करणे हे प्रस्तुत लेखाचे काम नव्हे. मात्र एक गोष्ट भाषेच्या अंगाने स्पष्ट दिसते. 'फुगवटा' ह्या एका शब्दाने सगळे कर्तेपण सीमेपलीकडे ढकलता येते, आणि 'अतिक्रमण' ह्या एका शब्दाने ते सगळे नदीकाठच्या गरिबाच्या माथी मारता येते. ज्यांनी रीतसर परवाने मिळवून पूरक्षेत्रात इमारती उभ्या केल्या, त्यांच्यासाठी मराठीत अद्याप शब्द नाही. ते अतिक्रमक नव्हेत, कारण त्यांच्यापाशी कागद आहे. आणि ते पूरग्रस्तही आहेत.

पूररेषांची भाषाही अशीच तपासून पाहिली पाहिजे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, असे तिचे स्पष्टीकरण सर्वत्र केले जाते. संख्याशास्त्राला अभिप्रेत अर्थ असा की, लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरांत एक आहे. परंतु 'शंभर वर्षांतून एकदा' ह्या मराठी वाक्प्रयोगाचा अर्थ पाळीचा आहे. एकदा येऊन गेला की आता नातवंडांपर्यंत काळजी नाही, असा. २००५ नंतर अनेकांनी ह्याच समजुतीने तळमजला पुन्हा बांधला. रेषा शास्त्रशुद्ध असूनही तिचे वर्णन करणारे वाक्य लोकांना चुकीचा सल्ला देत होते. ह्यात दोष ऐकणाराचा नसून भाषांतर करणाराचा आहे.

हा प्रश्न एका सांगलीपुरता नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. खाली सांगलीत पाणी चढत होते आणि वर साताऱ्याच्या डोंगरात जमीन सरकत होती. एकाच पावसाची ही दोन रूपे दोन जिल्ह्यांच्या दोन आपत्ती म्हणून नोंदली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचेही असेच झाले. धरण उभे राहिले, ही स्थापत्याच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होती. कोयनानगर मात्र कोसळले. 'धरण टिकले' ह्या वाक्याला इतिहासात जेवढी जागा मिळाली, तेवढी 'वस्ती पडली' ह्याला मिळाली नाही. लवचिकता कशाची मोजावयाची, भिंतीची की वस्तीची, हा प्रश्न त्या वेळेपासून आपल्यापुढे आहे.

(५)

ह्या नव्या परिभाषेच्या शेजारी ह्याच प्रदेशातील जुनी परिभाषा ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. गावाच्या जमिनीचे 'पांढरी' आणि 'काळी' असे दोन भाग मराठी दप्तरांत सर्वत्र आढळतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्या राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढुरकी आणि उंच होत जाते. पुराणवस्तुशास्त्रज्ञ प्राचीन वसाहतींचा माग ह्याच पांढरीच्या टेकाडांवरून काढतात. पुढे 'पांढरी' हा शब्द जमिनीपुरता न राहता गावकीलाही लागू झाला. म्हणजे ज्या शब्दाने राहण्याची उंच जागा सांगितली, त्याच शब्दाने एकत्र राहणारा समाजही सांगितला. नगर आणि समाज ह्यांच्या टिकाऊपणाचा संबंध इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी संज्ञा प्रस्तुत लेखकाला माहीत नाही.

नदीलगतच्या गाळाच्या जमिनीला 'मळई' म्हणतात. तेथे पीक घ्यावे, घर बांधू नये, हे वेगळे सांगावे लागत नसे. शब्दातच ते होते. सांगलीत पुराचे पाणी ज्या सखल वाटेने आत येते आणि ओसरते, तिला 'ओत' म्हणतात. आज ह्या ओतांवर भराव पडले आहेत आणि त्यांवरच्या वसाहतींना नगर, पार्क, कॉलनी अशी नावे मिळाली आहेत. जमीन भरण्यापूर्वी तिचा शब्द बुजवावा लागतो, असाच हा क्रम आहे. 'ओत' म्हणून नोंदलेली जागा विकत घेताना मनुष्य विचार करील. भूखंड क्रमांक अमुक म्हणून ती निःशंकपणे घेईल.

हरिपूर आणि सांगलवाडीची हळदीची पेवे हे आणखी एक उदाहरण. जमिनीत खोल खणलेल्या ह्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे, आणि सांगलीच्या पेठेची पत त्यांवर उभी होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून पेवांचे फार नुकसान झाले आणि व्यापार उत्तरोत्तर जमिनीवरच्या गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ज्या साठवणीमुळे तिची ख्याती झाली ती पेवे बहुतांशी इतिहासजमा होत आली होती. मराठीत 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार अजून आहे. तो वापरणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी पेव पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. व्यापार टिकला, पेठ टिकली, नाव टिकले. पण एक कौशल्य आणि त्यावर जगणारी माणसे गेली. लवचिकतेच्या कोष्टकात ह्याची नोंद लाभ म्हणून करावयाची की हानी म्हणून?

मात्र जुन्या परिभाषेचे गौरवीकरण करण्याचा येथे हेतू नाही. पांढरी उंच होती हे खरे, पण तिच्यावर सर्वांना जागा नव्हती. ज्यांना गावाबाहेर राहावे लागे, त्यांच्या वाट्याला येणारी जमीन कोणती होती हे सांगावयास नको. जुन्या शब्दांत निसर्गाचे ज्ञान होते, तसा समाजाचा अन्यायही होता. शिवाय २०१९ च्या पाण्याने सांगलीच्या जुन्या गावभागालाही सोडले नाही. प्रस्तुत लेखकाच्या आप्तांच्या घरात २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर करून ठेवलेली होती, आणि पुढच्या वेळी सामान त्या खुणेच्या वर ठेवले की झाले, असा घरातील वडीलधाऱ्यांचा हिशेब होता. २०१९ साली ती खूण हातभर पाण्याखाली गेली. धरणे, पूल, भराव आणि बदलते पाऊसमान ह्यांनी नदी बदलली आहे. जुने शब्द तिला जसेच्या तसे पुरणार नाहीत. परंतु नव्या शब्दांनी त्यांच्याकडून निदान एक गोष्ट शिकावी. ते शब्द जागेविषयी बोलत होते आणि जागा कोणती ते सांगत होते.

(६)

आतापर्यंत पुराविषयी लिहिले. परंतु ह्या नगरप्रदेशाचा अर्धा भाग पाण्याच्या अभावाने घडला आहे. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत ह्या तालुक्यांत संकट येते ते हळूहळू येते, आणि त्याची बातमी होत नाही. तेथील भाषेत 'जगायला जाणे' असा प्रयोग आहे. पाऊस गेला, जनावरांची वैरण संपली, की माणसे जगायला जातात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त दुष्काळापुढे विखुरणाऱ्या वाडीचे जे चित्र आहे, ते ह्याच मुलुखाचे.

पण जगायला जाणाऱ्यांनी केवळ मुलूख सोडला असे नाही. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचे काम घेऊन भारतभरच्या सराफबाजारांत पसरले आणि विट्यासारखी गावे त्यांच्या पैशाने उभी राहिली. पाटण, जावळीच्या डोंगरातून मुंबईस गेलेल्या माणसांनी गोदीत व बाजारांत ओझी वाहिली. १९६९ च्या माथाडी कायद्यामागील चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्याचेच. मुंबईची लवचिकता म्हणून ज्या गुणाचे कौतुक होते, त्यात साताऱ्याच्या पाठीचा आणि खांद्याचा वाटा किती, ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आणि २०२० च्या साथीच्या काळात मुंबई बंद झाली, तेव्हा हीच माणसे गावाकडे परतली. त्या महिन्यांत महानगराचा भार कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील लहान लहान गावांनी सोसला. नगर प्रदेशाला पोसते की प्रदेश नगराला, ह्याचे उत्तर तेव्हा पुरेसे स्पष्ट झाले.

ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू ह्या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी ह्या दुष्काळी पट्ट्यात चढविले आहे. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवावे, ही कल्पना वर उल्लेखिलेल्या नव्या कार्यक्रमातही आहे. कल्पना आकर्षक आहे. एका बाजूचे संकट दुसऱ्या बाजूचे वरदान व्हावे, असे कोणास वाटणार नाही? परंतु महापूर येतो तो काही दिवसांत, आणि पंप, कालवे व तलाव ह्यांची शक्ती मर्यादित असते. पुराची उंची किती कमी होईल आणि दुष्काळी भागास किती पाणी मिळेल, ही दोन वेगळी विधाने आहेत. 'वळविणे' ह्या एकाच क्रियापदाने ती जोडली गेली, म्हणून एकाच्या सिद्धतेने दुसरे सिद्ध होत नाही. सांगलीच्या रहिवाशाला पहिले आश्वासन आणि जतच्या शेतकऱ्याला दुसरे, अशी विभागणी करून दोघांनाही एकाच योजनेचे समर्थक बनविणे हे वक्तृत्व आहे, नियोजन नव्हे.

(७)

ह्या चर्चेचा अर्थ लवचिकतेची संकल्पना टाकून द्यावी असा नाही. तिने एक मोठे काम केले आहे. नदीला भिंतीत कोंडून पूर कायमचा संपविता येतो, हा विसाव्या शतकाचा आत्मविश्वास तिने ढिला केला. नेदरलंड्‌समध्ये १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर नदीला जागा करून देण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. अनेक ठिकाणी बांध मागे सरकविण्यात आले. तेथील एका पूरक्षेत्रात काही शेतकरी कुटुंबांनी उंच टेकाडे रचून त्यांवर नवी घरे बांधली आणि इतरांनी भरपाई घेऊन ती जागा सोडली. ही टेकाडे म्हणजे आपली पांढरीच होय. परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या योजनेचा पहिला आराखडा त्या शेतकऱ्यांनीच मांडला होता. तेथे लवणारा आणि लवण्याचा निर्णय घेणारा एकच होता. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या संकल्पनेची खरी कसोटी हीच आहे.

म्हणून 'लवचिक' हे विशेषण ज्या ज्या दस्तऐवजात येईल, तेथे व्याकरणाच्या विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. कोणी लवावयाचे? कोणाच्या सांगण्यावरून? कितव्यांदा? आणि त्या वेळी कोण ताठ उभे राहणार आहे? ह्या चारांची उत्तरे ज्या वाक्यात मिळत नाहीत, ते वाक्य अपुरे आहे असे समजावे. पर्यायी शब्दच हवा असल्यास मराठीत 'सावरणे' हे क्रियापद आहे. मनुष्य स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो. अकर्मक आणि सकर्मक असे दोन्ही प्रयोग त्याला आहेत, आणि सावरणारा हात कोणाचा हे विचारण्याची सोय त्यात आहे. 'लवणे' ह्या क्रियापदात ती नाही. परंतु केवळ शब्द बदलून काही साधणार नाही. उद्या 'सावरक्षम नगरप्रदेश' अशी नवी पाटी लागेल आणि तिच्याखाली जुनेच वाक्य चालू राहील, हा धोका आहेच.

आपल्या विभागांना ह्या बाबतीत एक काम सहज करता येण्याजोगे आहे. माहुलीपासून नृसिंहवाडीपर्यंत कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात पुराच्या खुणा आहेत. भिंतींवर, घाटाच्या पायऱ्यांवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात. पाण्याचे, जमिनीचे, गाळाचे आणि पाऊसमानाचे शेकडो शब्द आहेत. ज्या जागांना ते लागतात त्या जागा अजून दाखविता येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भूगोल विभागाच्या सहकार्याने हे शब्द जागांसह नकाशावर नोंदले, तर तो केवळ बोलीचा कोश होणार नाही. उद्या एखादा ओत भरण्याचा परवाना मागितला जाईल, तेव्हा त्या जागेचे नाव काय होते हे सांगणारा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होईल. ज्यांना हे शब्द ठाऊक आहेत त्यांचे वय पाहता ह्या कामाला फार वेळ उरलेला नाही.